पहिले मेन बंद कर

दुबे साहेबांचा फोन आला तेव्हा मी भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या एका पत्र्याच्या कारखान्यात उभी राहून डब्याच्या भोकांवरून वाद घालत होते. कारखानदार म्हणत होता, भोकं मोठी ठेवू, हवा चांगली खेळेल. मी म्हणत होते, मोठी ठेवलीस तर पाल आत शिरेल. मशीनच्या खडखडाटात साहेबांचं अर्धंच बोलणं कळलं. दोन शब्द मात्र स्पष्ट ऐकू आले, डॅशबोर्ड आणि ओटीपी. मी बाहेर रस्त्यावर आले आणि पुन्हा सांगा म्हटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मला वाटलं होतं त्याहून ते वाईट होतं.

आधी पेटीबद्दल सांगायला हवं. आमचं केंद्र सरकारी आहे. शाळांसाठी शिकवण्याची साधनं तयार करणं हे आमचं काम. मी तिथली इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, दुबे साहेब आमचे डायरेक्टर. आणि पेटी ही आम्हा सगळ्यांची लाडकी लेक. दिसायला जेवणाच्या डब्याएवढा पत्र्याचा खोका. आत एक छोटा कॉम्प्युटर, एक मेमरी कार्ड आणि एक बॅटरी. चालू केली की पेटी स्वतःचं वायफाय सोडते. या वायफायला इंटरनेट नसतं. वर्गातले टॅब्लेट त्याला जोडले की कार्डावर भरून ठेवलेले धडे, चित्रं, व्हिडिओ मुलांना दिसू लागतात. गावात पुस्तकांचं कपाट ठेवावं तसं हे आहे. कपाट उघडायला कोणी शहरात फोन करत नाही.

अशा पेट्या आम्ही सातपुड्याच्या जंगलातल्या शाळांना दिल्या होत्या. त्यातल्याच एका मुलींच्या आश्रमशाळेत उईके मॅडम विज्ञान शिकवतात. त्यांच्या शाळेत फोनला रेंज हवी असेल तर मागची टेकडी चढावी लागते. पण आमचे नवे प्रमुख सचिव साहेब, म्हणजे खात्याचे सर्वांत मोठे अधिकारी, त्यांना पेटी जुनाट वाटत होती. हल्ली घरोघरी मोबाइल आहे, एक अॅप काढलं की झालं, डबे कसले वाटता, असं त्यांचं म्हणणं. भोपाळमध्ये विकसनशील देशांतल्या डिजिटल शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती. तिथे पेटीचं प्रात्यक्षिक होणार होतं आणि ते बघून सचिव साहेब ठरवणार होते, नव्या पेट्या बनवायच्या की काम बंद करायचं. अॅप आलं असतं तर शहरातल्या शाळांचं भलंच झालं असतं. उईके मॅडमच्या मुलींच्या हाती मात्र काही उरलं नसतं.

आणि आता परिषद अगदी तोंडावर आलेली असताना साहेब सांगत होते की प्रात्यक्षिकाच्या वेळी या क्षणाला किती मुलं शिकत आहेत त्याचा आकडा मोठ्या पडद्यावर दिसायला हवा. याला डॅशबोर्ड म्हणतात. आकडा हवा म्हणजे मुलं मोजायला हवीत. मोजायची तर प्रत्येकाने लॉगिन करायला हवं. आणि लॉगिन म्हटलं की मोबाइलवर ओटीपी येणार, कारण बाकी सगळीकडे तसंच असतं. मी विचारलं, सर, पेटीला इंटरनेट नाही, शाळेत रेंज नाही, मग ओटीपी येणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मराठी म्हण त्यांना कळली नाही, पण सूर कळला. फरहानला सांगितलं आहे, तो लागलाही कामाला, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

फरहान आमचा सॉफ्टवेअरवाला. भोपाळच्याच जहांगीराबादचा मुलगा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मी ऑफिसात पोचेपर्यंत त्याने लॉगिन बसवून टाकलं होतं. मला दाखवलं. ओटीपी आला, टाकला, धडा उघडला, भिंतीवरच्या पडद्यावर शून्याचा एक झाला. झकास चाललं होतं. मी म्हटलं, मुहूर्त केलास का?

हा मुहूर्त म्हणजे आमच्या वर्कशॉपचा कुळाचार. त्याचं मूळ माझ्या बाबांकडे जातं. बाबा वीज खात्यात होते. राजधानी हलली तेव्हा आजोबांच्या ऑफिसबरोबर आमचं घर नागपूरहून भोपाळला आलं आणि इथलंच झालं. आमच्या नेहरू नगरात कोणी इन्व्हर्टर घेतला की पेढे खायला बाबांना हमखास बोलावणं यायचं. बाबा जायचे, पण पेढ्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. "पहिले मेन बंद कर," म्हणायचे. यजमान कानकोंडे व्हायचे. मेन बंद झाल्यावर पंखा फिरत राहिला तर बाबा पेढा उचलायचे. नाही फिरला तर पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, मागायचे. घरी आल्यावर आई चिडायची, लोकांकडे जाऊन त्यांचा पाणउतारा कशाला करता म्हणून. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. लाइट असताना इन्व्हर्टर सगळ्यांचाच चांगला असतो.

मी तेच वर्कशॉपमध्ये लावलं. धडे भरायला पेटीला ऑफिसच्या इंटरनेटची निळी तार जोडलेली असते. तार जोडलेली असली की पेटी गुपचूप बाहेरून काहीबाही मागून घेते आणि आपल्याला वाटतं सगळं तिच्या पोटातच आहे. म्हणून पेटी बाहेर पडण्याआधी ती तार ओढायची आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एक धडा चालवून बघायचा. ओढणारा मात्र आमच्यातला नको. आपण आपल्या लेकराला हळुवारच हात लावतो. चहावाला, कुरियरवाला, एकदा तर साहेबांचे मेहुणे, जो कोणी दारात येईल त्याच्या हस्ते मुहूर्त. नारळबिरळ आम्ही फोडत नाही.

त्या दिवशी कँटीनच्या कमलाबाई कप न्यायला आल्या होत्या. त्यांनी सवयीने तार ओढली आणि टॅब्लेट हातात घेतला. पडद्यावर अक्षरं आली की ओटीपी पाठवला आहे, आणि खाली एक चक्र फिरायला लागलं. ते फिरत राहिलं. कमलाबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग टॅब्लेट ठेवून कप घेऊन गेल्या. फरहानने डोक्याला हात लावला.

"मैडम, अपन ने तो पेटी को ताला मार दिया।"

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दुबे साहेब मनाने वाईट नाहीत. आमच्या पाठीशी उभे राहतात, फक्त वरून फोन आला की लगेच हो म्हणून मोकळे होतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "मैडम, हॉल में तो नेट है ना?"

"है, सर। उसी का तो डर है।"

त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. माझी गंमत करायची अजिबात इच्छा नव्हती. हॉलमध्ये नेट असल्यामुळे ओटीपी येणार, आकडा हलणार, टाळ्या पडणार, आणि तीच पेटी जंगलातल्या शाळेत गेली की दगड. पण साहेबांना पुढचा फोन आला होता. त्यांनी फोनवर हात ठेवून मला दुसरंच काम सांगितलं. झांबियाहून एक पाहुण्या दिल्लीमार्गे येत आहेत, त्यांना स्टेशनवरून आणा, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. म्हणजे थोडक्यात, उठा.

मी हबीबगंजला गेले. स्टेशनचं नाव बदललं आहे, पण रिक्षावाल्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून हबीबगंजच आहे. ग्रेस फिरी गाडीतून उतरल्या. माझ्याच वयाच्या, उंच, डोक्याला रंगीत कापड गुंडाळलेलं. शाळा तपासायला फिरणाऱ्या निरीक्षक. माझा चेहरा फुगलेला होता, तो त्यांना दिसला असणार, कारण गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, परिषदेचं काम फार झालं आहे का? मी राग गिळला आणि तुमच्याकडे काय परिस्थिती, असं उलट विचारलं.

त्या सांगू लागल्या. त्यांच्या भागातल्या शाळांना एका परदेशी संस्थेने टॅब्लेट दिले होते. मोठा समारंभ झाला, मुलांनी नाच केला. समारंभ जिल्ह्याच्या गावी होता, तिथे नेट होतं, सगळं छान चाललं. शाळांमध्ये नेल्यावर टॅब्लेट पासवर्ड मागू लागले. तो ज्या मेलवर येणार ती मेल उघडायला नेट हवं. आता ते सगळे टॅब्लेट हेडमास्तरांच्या कपाटात आहेत. "अगदी सुरक्षित आहेत," त्या म्हणाल्या, "एकाही मुलाचा हात लागलेला नाही." आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. पाहुण्या बाई इतक्या शांतपणे बोलत होत्या की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांना हॉटेलवर सोडून मी सरळ परत केबिनमध्ये गेले. या वेळी बसले नाही.

"सर, जिस पेटी का तार खींचकर नहीं देखा, वो मैं स्टेज पर नहीं ले जाऊँगी। आप किसी और को भेज दीजिए।"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी वरिष्ठांना क्वचितच नाही म्हटलं होतं. साहेबांनी चष्मा काढला. मी त्यांना फिरी मॅडमचं कपाट सांगितलं. मग म्हटलं की सचिव साहेबांना आकडा हवा आहे, ओटीपी नको आहे. आकडा आम्ही पेटीतच तयार करू. हॉलमधले टीव्ही इंटरनेटला न जोडता पेटीलाच जोडू. साहेबांनी एकच प्रश्न विचारला, आकडा हलेल ना? मी म्हटलं हलेल. मग करा, म्हणाले.

फरहान आधी रुसला. आपण घाईघाईने बांधलेलं आपणच पाडायचं म्हणजे कोणालाही राग येणारच. मग त्याचं त्यालाच सुचलं आणि तो खुलला. लॉगिनला ओटीपी नाही, नावही नाही, चित्र. एक मुलगी मोर, एक आंबा, एक सायकल. वर्गात बसताना मुलीने आपलं चित्र दाबायचं, पेटी तिला मोजणार आणि लक्षात ठेवणार. हे आकडे सरकारपर्यंत पोचायचे कसे? तर मॅडम पगाराच्या किंवा मीटिंगच्या कामाने तालुक्याला जातातच. निघण्याआधी पेटीतले आकडे त्यांच्या फोनमध्ये घ्यायचे. तालुक्याला रेंज मिळाली की फोन ते आपोआप पुढे पाठवेल. पोस्टमन गावातली पत्रं एकदम गोळा करून नेतो, तसं. या सगळ्यात दिवस उलटले आणि काम संपलं ते थेट परिषदेच्या आदल्या संध्याकाळी. मुहूर्त करायला दारात कोणी आलंच नाही. मी म्हटलं, उद्या हॉलवर कोणीतरी भेटेल.

भेटला तो सिक्युरिटीचा इन्स्पेक्टर. शामला हिल्सवरच्या त्या सभागृहाच्या दारात त्याने आमची पेटी टेबलावर ठेवली आणि तिच्याभोवती एक चक्कर मारली. पत्र्याचा डबा, भोकं, तारा, आत बॅटरी. त्याच्या जागी मी असते तर मीही अडवलं असतं. हे काय आहे, त्याने विचारलं. फरहानने अगदी खरं ते सांगितलं, "सर, इसमें पूरी छठी क्लास है।" इन्स्पेक्टरला हसू आलं नाही. त्याने पेटी उघडायला लावली, बॅटरी बाहेर काढायला लावली आणि म्हणाला, डबा न्या, बॅटरी इथेच राहील. आत लाइट जात नाही, बॅटरी हवी कशाला?

फरहान माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं तर त्याचं चूक नव्हतं. प्रात्यक्षिकाला बॅटरी लागणार नव्हती. पण बॅटरी काढलेली पेटी म्हणजे आमची पेटी नव्हेच. मी सांगितलं, इथे लाइट जात नाही, शाळेत जातो, आणि आम्ही इथे शाळा दाखवायला आलो आहोत. तुम्हाला संशय आहे तर तुम्हीच चालवून बघा. बॅटरी परत बसवली, पेटी चालू केली, टॅब्लेट त्याच्या हातात दिला आणि सगळ्या तारा त्यालाच ओढायला लावल्या. धडा हृदयाचा होता. टॅब्लेटमधून हृदयाचे ठोके ऐकू येतात आणि मनगटावर बोट ठेवून स्वतःची नाडी मोजायची. इन्स्पेक्टरने आधी आपली मोजली, मग शेजारच्या हवालदाराची. मग पेटीवर तपासणीचं स्टिकर चिकटवलं आणि आत सोडलं. मुहूर्त झाला. फरहानने घाईघाईत झाकणाचे स्क्रू आवळले आणि आम्ही धावलो.

स्टेजवर सतरंजी घातली होती. उईके मॅडम आदल्या दिवशीच मुलींना घेऊन आल्या होत्या. दोन वेण्या, निळे फ्रॉक, हॉलचा थंडगार एसी सहन न होऊन एकमेकींना चिकटून बसलेल्या. मॅडम ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांना मी विचारलं, भीती वाटते का? त्या म्हणाल्या, एवढ्या मोठ्या खोलीत शिकवायला मिळतंय, भीती कसली. दोन्ही बाजूंना मोठे टीव्ही होते. टेबलाखाली विजेचा एक बोर्ड होता, त्यावर टीव्ही, माईकचं मशीन, स्टेजचे दिवे आणि पेटीचा चार्जर लावला होता. पेटीला निळी तारही जोडली होती. तिची गरज नव्हती. ओढायला काहीतरी हवं म्हणून जोडली होती.

समोर निरनिराळ्या देशांचे लोक, पहिल्या रांगेत सचिव साहेब, त्यांच्याशेजारी दुबे साहेब. मुलींनी आपापली चित्रं दाबली. टीव्हीवर आकडा हलायला लागला. प्रत्येक मोराला आणि प्रत्येक आंब्याला एकेक वाढत गेला. सचिव साहेबांची मान हलली. टाळ्या पडल्या. दुबे साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि मला डोळ्यांनीच सांगितलं, झालं, आता खाली या.

मी खाली आले नाही. मी माईकवर सांगितलं की आमच्या वर्कशॉपमध्ये एक रीत आहे, आमची पेटी कोणी बाहेरच्या माणसाने तार ओढून बघितल्याशिवाय आम्ही ती चांगली आहे असं म्हणत नाही. तेव्हा सचिव साहेबांनी वर यावं आणि ही निळी तार काढावी. दुबे साहेब मान आडवी हलवत होते. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण सचिव साहेब उठले होते. मोठ्या माणसाला दोन हजार डोळ्यांसमोर काहीतरी करून दाखवायला कोणी बोलावलं तर तो सहसा नाही म्हणत नाही.

ते टेबलाशी वाकले. खाली दोन तारा होत्या. एक बारीक निळी, एक जाड काळी, त्या बोर्डाची. आयुष्यात त्यांच्या खोलीतला दिवासुद्धा दुसऱ्याने लावलेला. इंटरनेटची तार कुठली आणि विजेची कुठली हे बघायची त्यांच्यावर कधी वेळच आली नसणार. आणि निळ्या तारेकडे बघून त्यांना वाटलं असावं, एवढ्याशा तारेसाठी मला वर बोलावणार नाहीत. त्यांचा हात काळ्या तारेकडे जाताना मला दिसला. मी तोंड उघडलं, पण त्यांनी मेन बोर्डाचा प्लगच भिंतीतून उपटला होता.

दोन्ही टीव्ही काळे पडले. आकडा गेला. माझ्या हातातला माईक मेला. स्टेजवरचे दिवे गेले. हॉलमध्ये एक 'अरे' असा सामूहिक आवाज झाला आणि मग एकदम शांतता. सचिव साहेब हातात प्लग धरून उभे. मला एवढंच आठवत होतं की सकाळी फरहानने झाकण घाईत आवळलं होतं आणि आम्ही पेटी घेऊन धावलो होतो. धावताना आतली बॅटरी सुटली असेल तर पेटी संपली, मुली संपल्या, सगळंच संपलं.

मी पेटीकडे बघितलं. हिरवा दिवा चालू होता.

आणि मग ऐकू आलं. माईक चालू असताना ऐकूच येत नव्हतं. मुलींच्या मांडीवरच्या टॅब्लेटमधून बारीक आवाज येत होता, धक धक, धक धक. मुलींनी मान वर केली नव्हती. मनगटावर बोटं ठेवून त्या पुटपुटत मोजत होत्या. उईके मॅडमनी तर वळूनही बघितलं नाही. त्यांच्या वर्गात रोजच कोणीतरी मेन बंद करतं. माईकशिवाय त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"चलो, अब खड़े हो जाओ। सब अपनी जगह पर कूदो। फिर गिनेंगे।"

मुली उड्या मारायला लागल्या. लाकडी स्टेज दणदण वाजू लागलं. पाठीमागून इलेक्ट्रिशियन धावत आला आणि सचिव साहेबांच्या हातातला प्लग घेऊ लागला. त्यांनी हात मागे घेतला.

"रहने दो," ते म्हणाले. "चलने दो इसे।"

मी त्यांच्याबद्दल मनात जे जे बोलले होते, ते त्या एका वाक्यापुरतं मागे घेतलं.

फिरी मॅडम आपल्या जागेवरून उठल्या आणि बाजूच्या जिन्याने वर आल्या. सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि शेवटच्या मुलीपुढे आपलं मनगट धरलं. मुलगी घाबरली नाही. तिने बोटं ठेवली, डोळे मिटले, मोजलं आणि गंभीरपणे सांगितलं, मैडम, आपका तो बहुत तेज़ चल रहा है. मी इंग्रजीत करून सांगितलं. फिरी मॅडम हसल्या. जिना धावत चढले ना, म्हणाल्या. मग त्यांनी खालच्या लोकांना हात केला आणि एकेक करून पुष्कळ जण वर आले. कोट घातलेले लोक सतरंजीवर बसून आश्रमशाळेतल्या मुलींकडून नाडी मोजून घेऊ लागले. मला रडू येत होतं. स्टेजवर इंजिनिअरने रडू नये म्हणून मी पेटीच्या भोकांकडे बघत राहिले. बारीक ठेवली ते बरं झालं, असा काहीतरी विचार करत होते. अंगावर मूठभर मांस चढलं होतं आणि ते लपवण्याची मला अजिबात गरज वाटत नव्हती.

शेवटी प्लग परत लागला. टीव्ही उजळले. आकडा जागेवर होता, आणि वाढला होता, कारण दरम्यान काही पाहुण्यांनी मोकळे टॅब्लेट घेऊन आपणही चित्रं दाबली होती. अंधारात पेटी मोजतच होती. सचिव साहेब त्या आकड्याकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी माईक घेतला आणि पहिलं वाक्य बोलले, "तार मैंने निकाला था, ये याद रखिएगा।" हॉल हसला. त्या दिवसापासून ही पेटी त्यांची झाली. आम्हाला तेच हवं होतं.

निकाल असा लागला की अॅप आलं, पण ते पेटीतही भरून दिलं जातं. नव्या पेट्या आधी जंगलातल्या शाळांना जातात, मग इतरांना. ओटीपीचं नाव कोणी काढत नाही. फिरी मॅडम पेटीचा आराखडा घेऊन गेल्या. मध्यंतरी त्यांनी एक फोटो पाठवला. तिकडच्या कारागिराने बिस्किटांच्या डब्यात पेटी बसवली आहे आणि एक म्हातारे गृहस्थ, बहुधा शाळेचे शिपाई, मोठ्या थाटात तार ओढत आहेत. फोटो वर्कशॉपमध्ये लावला आहे. फरहानची तेवढी एक तक्रार राहिली, आपला डॅशबोर्ड कोणी धड बघितलाच नाही.

हा अनुभव मी नव्या लोकांना सांगते तेव्हा एवढंच म्हणते, वस्तू जिथे वापरायची तिथली अडचण आधी आपल्या खोलीत आणा. बाकी मला शिकवायला काही येत नाही.

परवा दुबे साहेबांच्या केबिनमध्ये नवा यूपीएस बसवला, म्हणजे लाइट गेल्यावर कॉम्प्युटर चालू ठेवणारं यंत्र. त्यांनी मला बोलावलं. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स उघडा होता. मी हात पुढे केला, तर त्यांनी बॉक्स आपल्याकडे ओढला. उठले, कोणाला काही न विचारता भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खाली केला. यूपीएस एकदा किंचाळला आणि कॉम्प्युटर बंद पडला. साहेबांनी शांतपणे पेढ्यांवर झाकण ठेवलं, यूपीएसच्या दुकानदाराला फोन लावला आणि त्याची जी हजेरी घेतली ती मी उभ्याउभ्या ऐकली. पेढा मिळाला नाही म्हणून इतका आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.